जुन्या ऑफ-रोड गाडीच्या सस्पेन्शनमधील झिजलेला भाग कसा शोधावा

जुनी ऑफ-रोड गाडी खडखडू लागली की बहुधा आधी शॉकअप बदलले जातात, मग स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे धक्के शोषणारा शॉकअप), मग चाकांचे बॅलन्सिंग. आणि एवढे करूनही आवाज राहिलाच तर ‘जुनी गाडी आहे, चालायचेच’ म्हणून विषय सोडून दिला जातो. यात पैसा जातो तो जातोच, पण खरा झिजलेला भाग गाडीखाली तसाच राहतो आणि शेजारच्या नव्या भागांनाही लवकर खराब करतो. नुसत्या आवाजावर विसंबणे धोक्याचे असते, कारण पॅनहार्ड रॉडच्या (एक्सलला आडवा सरकू न देणाऱ्या दांड्याच्या) टोकाशी बसणारा ठोका चॅसीतून (गाडीच्या सांगाड्यातून) फिरत जाऊन चालकाच्या पायाखाली ऐकू येतो आणि माणूस भलत्याच भागाकडे बोट दाखवतो. झिजलेल्या सांध्याची भरवशाची खूण म्हणजे त्यातील हालचाल: जे दोन भाग एकजीव राहायला हवेत ते एकमेकांपासून सुटे हलताना डोळ्यांना दिसले पाहिजेत किंवा बोटांना जाणवले पाहिजेत. मेकॅनिक याला ‘प्ले’ म्हणतात. या लेखात आपण ढिलाई म्हणू. ही ढिलाई प्रत्येक सांध्यात एकाच अवस्थेत सापडत नाही. काही सांध्यांची ढिलाई गाडीचे वजन चाकांवर असतानाच उघड होते, तर काहींची ते वजन काढून घेतल्यावरच. तपासणीत होणाऱ्या बहुतेक चुका हा फरक न पाळल्यामुळे होतात, म्हणून पुढील क्रम त्याच्याच आधाराने मांडला आहे.

आधी गाडीची रचना ओळखावी

गाडीखाली शिरण्यापूर्वी तिच्या सस्पेन्शनचा प्रकार नीट समजून घ्यावा. जुन्या लँड रोव्हर सिरीज गाड्या, टोयोटाच्या लँड क्रूझर ४० व ६० मालिका आणि सुझुकी एसजे यांना पुढे-मागे अखंड एक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा कणा) आणि पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पानांच्या स्प्रिंग) असतात. येथे पाटाच वजन पेलतो आणि एक्सलला जागेवरही धरून ठेवतो, त्यामुळे पाट्याचे बुश (सांध्यातील रबरी अस्तर) किंवा यू-बोल्ट (पाटा एक्सलला आवळणारे यू आकाराचे बोल्ट) सैल झाले की एक्सल स्वतःच सरकू लागतो. १९७० मध्ये आलेली पहिली रेंज रोव्हर, १९७९ ची मर्सिडीज जी मालिका आणि १९९८ ची सुझुकी जिम्नी यांनाही एक्सल अखंडच आहे, मात्र वजन कॉइल स्प्रिंगवर आहे. कॉइल स्प्रिंग फक्त वजन पेलते, ती एक्सलला दिशा देऊ शकत नाही. ते काम आर्म (चॅसी व एक्सल जोडणारे दांडे) करतात आणि एक्सल आडवा सरकू नये म्हणून बहुधा पॅनहार्ड रॉड असतो. तिसरा प्रकार म्हणजे पुढची चाके स्वतंत्रपणे हलणारी रचना, उदाहरणार्थ १९८२ ची पहिली मित्सुबिशी पजेरो किंवा लँड क्रूझर १००. यांत वरचा आर्म, खालचा आर्म, बॉल जॉइंट (वाटीत फिरणाऱ्या गोळ्याचा सांधा) आणि कॉइलऐवजी टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारी सळई) असतो.

गाडीची उंची कोणी वाढवलेली असेल तर तेही लक्षात ठेवावे. उंची वाढवल्याने आर्मचे व पॅनहार्ड रॉडचे कोन बदलतात आणि पुढच्या एक्सलचा कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो. अशी गाडी एकही भाग झिजलेला नसताना रस्त्यावर भरकटू शकते, आणि त्या वेळी नवे बुश टाकून काहीच साधत नाही.

उचलण्याआधीची काळजी

येथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण अनेक जुन्या फोर-बाय-फोर गाड्यांमध्ये एक गोष्ट लक्षात न आल्याने गाडी जॅकवरून घसरू शकते. लँड रोव्हरच्या सिरीज आणि डिफेंडर गाड्यांसह अनेक जुन्या गाड्यांचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर बॉक्सच्या (पुढच्या-मागच्या एक्सलला शक्ती वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, प्रोपेलर शाफ्टवर (एक्सलकडे शक्ती नेणाऱ्या दांड्यावर) काम करतो. हँडब्रेक ओढलेला असतानाही एक मागचे चाक उचलले तर डिफरन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरमुळे) ते चाक मोकळे फिरू शकते, आणि जमिनीवरचे दुसरे मागचे चाक उलट दिशेने फिरून गाडी पुढे किंवा मागे सरकते. म्हणून हँडब्रेकवर कधीही विसंबू नये. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडाचे भक्कम ठोकळे लावावेत, गाडी कठीण व सपाट जागेवर असावी, आणि जॅकने उचलल्यावर चॅसीखाली किंवा एक्सलखाली स्टँड दिल्याशिवाय अंगाचा कोणताही भाग गाडीखाली नेऊ नये. लांब दांड्याचा उंच जॅक उचलण्यासाठी उपयोगी असला तरी त्यावर ठेवलेल्या गाडीखाली काम करणे अक्षम्य आहे.

हत्यारे फार लागत नाहीत. चांगला टॉर्च, लांब टॉमी (उचकटण्याची पोलादी पहार), तारेचा ब्रश, मोजण्याचा टेप, खडू, पान्यांचा संच, टॉर्क रेंच आणि एक वही एवढे पुरते. याखेरीज स्टिअरिंग हलवण्यासाठी एक मदतनीस मात्र हवाच. एकट्याने केलेली तपासणी अर्धीच राहते. गाडी आदल्या दिवशी खालून धुऊन घ्यावी, परंतु त्याआधी एकदा तशीच पाहावी. बोल्टाच्या डोक्याभोवती किंवा दोन पत्र्यांच्या फटीतून निघालेली तांबूस भुकटी, किंवा चिखलाने माखलेल्या भागात मधेच दिसणारी चकचकीत घासलेली रेघ या दोन खुणा ‘येथे हालचाल होते आहे’ असे सांगतात, आणि पाण्याचा फवारा त्यांना पुसून टाकतो. जी जागा तांबूस दिसेल तिथे खडूने खूण करून ठेवावी.

रस्त्यावर काय टिपावे

प्रथम चारही टायरमधील हवा निर्मात्याने सांगितलेल्या दाबावर आणावी. कमी हवेचा टायर सैल स्टिअरिंगसारखाच वागतो, आणि हे न केल्यास पुढची सर्व निरीक्षणे वाया जातात.

मग गाडी ओळखीच्या रस्त्यावर चालवून लक्षण केव्हा उद्भवते ते लिहून ठेवावे. कोणत्या बाजूने आवाज आला यापेक्षा कोणत्या कृतीने आला याला जास्त महत्त्व द्यावे. ॲक्सिलरेटर दाबताना व सोडताना एकेक ठोका बसत असेल तर संशय मागच्या आर्मच्या बुशांवर, यू-बोल्टवर किंवा प्रोपेलर शाफ्टच्या युनिव्हर्सल जॉइंटवर घ्यावा. कॉइल असलेल्या जुन्या लँड रोव्हर व रेंज रोव्हर गाड्यांमध्ये मागच्या एक्सलवर त्रिकोणी आर्मचा जो मध्यवर्ती बॉल जॉइंट असतो तोही हाच ठोका देतो. ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढली गेली आणि ब्रेक मात्र ठीक असतील, तर त्या बाजूच्या रेडियस आर्मचे (एक्सलला पुढे-मागे धरणाऱ्या आर्मचे) किंवा पाट्याचे बुश दबून एक्सल तिरका होत असण्याची शक्यता असते. स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे नेताना ठोका बसला तर पॅनहार्ड रॉड आणि स्टिअरिंगचे सांधे पाहावेत. संथ वेगात लहान खड्ड्यांवर सतत टकटक होत असेल तर शॉकअपच्या टोकांचे रबर आणि अँटी-रोल बारच्या (वळणावर झुकाव रोखणाऱ्या सळईच्या) लिंक आधी तपासाव्यात.

अखंड पुढचा एक्सल असलेल्या गाडीत एक भीतिदायक लक्षण दिसते: मध्यम किंवा जास्त वेगात एका चाकाखाली खड्डा किंवा उंचवटा आला की पुढची दोन्ही चाके डावी-उजवीकडे जोरजोराने थरथरू लागतात आणि वेग बराच कमी केल्याखेरीज थांबत नाहीत. टायरचा असमतोल किंवा खड्ड्याचा धक्का हे केवळ निमित्त असते. थरथर टिकून राहते ती सांध्यांमधील ढिलाईमुळे. पॅनहार्ड रॉड, टाय रॉडची (दोन्ही पुढची चाके जोडणाऱ्या दांड्याची) टोके, किंगपिनचे (चाक ज्या खिळीवर वळते तिचे) बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, चाकाचे बेअरिंग आणि अपुरा कॅस्टर यांपैकी एक किंवा अनेक कारणे एकत्र असतात. नवा स्टिअरिंग डॅम्पर बसवल्यावर ही थरथर काही आठवडे दबते, आणि नेमका तोच धोका आहे, कारण तोवर मूळ ढिलाई वाढत राहते. मी स्वतः एकदा याच चुकीत सापडलो होतो. नवा डॅम्पर आणि दोनदा बॅलन्सिंग झाल्यावर दोष निघाला तो एक्सलवरच्या ब्रॅकेटमधील बोल्टाच्या छिद्रात, जे घासून लंबगोल झाले होते. डॅम्पर काढून ठेवल्यावर गाडी थरथरत असेल तर दोष डॅम्परचा नसून तो लपवत असलेल्या भागाचा आहे, असे मानूनच पुढे जावे.

चाकांवर वजन असताना: उंची आणि जागा

सपाट जागेवर गाडी थोडी पुढे-मागे करून, दाबून सोडून स्थिर करावी आणि प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उभी उंची मोजून वहीत लिहावी. जमिनीपासून मोजल्यास टायरच्या झिजेचा फरक त्यात मिसळतो, म्हणून चाकाचा मध्यच घ्यावा. डाव्या-उजव्या बाजूंत काही मिलिमीटरचा फरक जुन्या गाडीत असतोच. तो १५–२० मिलिमीटरच्या पुढे गेला तर कारण शोधावे.

एका बाजूला झुकलेली गाडी पाहून झुकलेल्या कोपऱ्यातील स्प्रिंगच दोषी आहे असे समजू नये. मागचा डावा पाटा बसला की पुढची डावी बाजूही खाली दिसते. मागचा एक्सल अखंड असेल तर त्याची साधी परीक्षा आहे. पुढच्या चाकांना ठोकळे लावून, मागच्या एक्सलच्या मध्यभागाखाली एकच जॅक देऊन दोन्ही मागची चाके जेमतेम जमिनीवरून सुटतील इतके उचलावे. डिफरन्शियलचा गोळा एका बाजूला असेल तर चॅसीच्या मागच्या आडव्या भागाच्या मध्याखाली जॅक द्यावा. आता मागची बाजू एकाच बिंदूवर तोललेली असल्याने झुकाव रोखणारे किंवा निर्माण करणारे काम फक्त पुढच्या स्प्रिंग करत आहेत. पुढचा झुकाव नाहीसा झाला तर दोष मागे होता, तसाच राहिला तर पुढे आहे. हे मोजमाप दूर उभे राहून करावे, गाडीखाली जाऊ नये, आणि लगेच गाडी खाली घ्यावी.

दुसरे मोजमाप पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना घेण्याचे. चाके अगदी सरळ ठेवून घेतलेल्या या मापांत ठळक फरक निघाला तर एखादा एक्सल मागे-पुढे सरकला आहे. पाट्यांच्या गाडीत याचे नेहमीचे कारण म्हणजे तुटलेला सेंटर बोल्ट. पाट्यांची गड्डी एकत्र धरणारा आणि एक्सलवरील खोबणीत बसून एक्सलची जागा पक्की करणारा हा बोल्ट यू-बोल्ट सैल राहिल्याने कातरला जातो, कारण यू-बोल्टच्या घट्ट पकडीने जे बळ पेलायचे ते सगळे त्याच्यावर येते.

स्टिअरिंग हलवून घेण्याची चाचणी

अखंड पुढच्या एक्सलच्या गाडीसाठी मी एवढी उपयुक्त चाचणी दुसरी मानत नाही. ती चारही चाके जमिनीवर ठेवूनच करायची, कारण टायर जमिनीला धरून ठेवतो तेव्हाच प्रत्येक सांध्यावर खरा ताण येतो. चाके अधांतरी असतील तर ती निमूटपणे वळतात आणि ढिलाई झाकली जाते.

पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवावे, गिअर न्यूट्रलमध्ये असावा आणि चाकांना ठोकळे लावलेले असावेत. मदतनीसाने स्टिअरिंग मध्यापासून दोन्हीकडे थोडेसेच, पण लयीत आणि न थांबता हलवत राहावे. तपासणाऱ्याने चाकाच्या वळण्याच्या कक्षेबाहेरून टॉर्चने पाहावे आणि स्टिअरिंग बॉक्सपासून सुरुवात करून चाकापर्यंत एकेक सांधा क्रमाने घ्यावा.

सर्वप्रथम स्टिअरिंग बॉक्स चॅसीवर हलतो का ते पाहावे. बोल्ट सैल असणे ही किरकोळ बाब, पण तेथे चॅसीच्या पत्र्यालाच भेग गेलेली असू शकते, आणि ती भेग स्टिअरिंग हलवतानाच उघडझाप करते, एरवी दिसत नाही. त्यानंतर बॉक्समध्ये येणारा शाफ्ट वळतो आणि पिटमन आर्म (बॉक्समधून बाहेर येणारा, स्टिअरिंगचे दांडे हलवणारा हात) मात्र काही क्षण थांबून मग हलतो का ते पाहावे. तसे असेल तर ढिलाई बॉक्सच्या आत आहे. बॉक्सवरील समायोजनाचा स्क्रू आवळून इतर सांध्यांची ढिलाई झाकण्याचा मोह अजिबात धरू नये. जास्त आवळलेला बॉक्स मध्यावर अडकतो आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही.

ड्रॅग लिंक (पिटमन आर्मपासून चाकाकडे जाणारा दांडा) आणि टाय रॉड यांच्या प्रत्येक टोकाशी, बोटे चिमटणार नाहीत अशा बेताने, सांध्याच्या दोन्ही भागांवर मिळून बोटाचे पेर टेकवावे. डोळ्यांना न दिसणारी हालचाल पेराला नेमकी कळते. रॉड स्वतःच्या अक्षाभोवती थोडा फिरणे स्वाभाविक आहे, परंतु बॉल त्याच्या वाटीत बाजूला किंवा वर-खाली सरकत असेल तर तो सांधा संपला. मोठ्या पकडीत धरून जोराने दाबून पाहण्याची पद्धत टाळावी, कारण अनेक सांध्यांच्या आत स्प्रिंग असते आणि ती दबली की चांगला सांधाही सैल वाटतो.

पॅनहार्ड रॉडकडे सर्वात जास्त वेळ द्यावा. एक टोक चॅसीला आणि दुसरे एक्सलला असलेला हा रॉड स्टिअरिंगच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर ताणला आणि दाबला जातो. नजर रॉडवर न ठेवता रॉडचे टोक आणि ब्रॅकेट यांच्यामधल्या फटीवर ठेवावी. रबर किंचित दबणे मान्य आहे. बोल्ट छिद्रात सरकताना दिसणे, धातूवर धातू आपटणे किंवा ब्रॅकेट स्वतः वाकणे हे दोष आहेत. छिद्र लंबगोल झाले असेल तर नवा बुश टाकून किंवा बोल्ट पुन्हा आवळून उपयोग होत नाही. ब्रॅकेटची योग्य दुरुस्तीच करावी लागते.

पाट्यांच्या गाडीत याच चाचणीत शॅकलकडे, म्हणजे पाट्याचे एक टोक चॅसीला जोडणाऱ्या हलत्या दुव्याकडे, पाहावे. स्टिअरिंग हलवताना चॅसी आणि पाटा एकमेकांवर आडवे सरकत असतील तर शॅकलचे किंवा स्थिर टोकाचे बुश गेलेले आहेत.

पाटे, कॉइल आणि टॉर्शन बार

तारेच्या ब्रशने पाटे स्वच्छ करून प्रत्येक पान टोकापासून टोकापर्यंत पाहावे. पान तुटते ते बहुधा सेंटर बोल्टाजवळ किंवा त्याखालच्या आखूड पानाचे टोक जिथे टेकते तिथे. यू-बोल्टच्या पट्टीखाली लपलेली तूट सहज दिसत नाही, परंतु तुटलेल्या पानाच्या दोन तुकड्यांची कड एका रेषेत राहत नाही, म्हणून बाजूने नजर लावावी. बाजूचा तोल धरणाऱ्या क्लिपा तुटलेल्या असतील तर पाने पंख्यासारखी पसरलेली दिसतात.

शॅकल कोणत्या कोनात आहे हे उंचीच्या मापाइतकेच बोलके असते. पाटा बसत गेला की तो सरळ होतो, लांबी वाढते आणि शॅकल बाहेरच्या दिशेने कलतो. दोन्ही बाजूंचे शॅकल वेगळ्या कोनात असतील तर कमानीत फरक पडला आहे. बुश तपासण्यासाठी चॅसीला स्टँड देऊन एक्सल खाली सोडावा, म्हणजे पाट्यावरचे वजन जाईल, आणि टॉमीने पाट्याचे टोक ब्रॅकेटपासून वर-खाली व बाजूला ढकलून पाहावे. रबराच्या पृष्ठभागावरील बारीक तडे म्हणजे केवळ वय. रबर आतल्या नळीपासून सुटणे, एका बाजूला पातळ होणे किंवा बाहेर गुंडाळल्यासारखे निघणे म्हणजे झीज.

कॉइल स्प्रिंग शक्यतो सर्वात खालच्या किंवा वरच्या वेटोळ्यात तुटते, जिथे ती बैठकीत बसते आणि चिखल साठतो. तुटलेले टोक बैठकीतच दडून राहते आणि गाडी फक्त दोन-तीन सेंटिमीटर खाली आलेली दिसते, म्हणून चिखल खरवडून हाताने टोक चाचपावे. टॉर्शन बारला उंची वाढवण्याचा बोल्ट असतो. त्याने गाडी वर येते, पण खाली जाण्याचे कारण झिजलेले बुश असेल तर ते तसेच राहते, आणि जास्त पीळ दिल्यास आर्म खाली टोकाला जाऊन बॉल जॉइंटचा कोन बिघडतो.

आर्मचे बुश

मदतनीसाने गाडीत बसून, ठोकळे थोडे सैल ठेवून, पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडून आणि मग रिव्हर्समध्ये तसेच करून गाडीला जेमतेम ताण द्यावा. तपासणारा बाजूला उभा राहून आर्मच्या टोकांकडे पाहतो, चाकांसमोर किंवा गाडीखाली कोणीही नसते. बुशात नळी एकाच बाजूला जाऊन टेकत असेल, किंवा दिशा बदलताच आर्म धक्क्याने सरकत असेल तर बुश बदलावा. पुढच्या रेडियस आर्मचे बुश झिजल्यावर एक्सल थोडा फिरतो आणि कॅस्टर बदलतो, त्यामुळे ‘गाडी सरळ चालत नाही’ ही तक्रार अनेकदा येथूनच निघते.

चाक उचलून: बेअरिंग, किंगपिन आणि बॉल जॉइंट

आता एक पुढचे चाक जमिनीवरून उचलून स्टँड द्यावे. चाक वर आणि खाली, म्हणजे घड्याळातील १२ आणि ६ च्या जागी धरून आत-बाहेर हलवावे. ढिलाई जाणवली तर मदतनीसाला ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवावे. ब्रेकमुळे हब (चाक ज्यावर बसते तो भाग) आणि नकल (स्टिअरिंगबरोबर वळणारा, चाक धरणारा भाग) एकमेकांना जखडले जातात, म्हणून ब्रेक दाबल्यावर ढिलाई नाहीशी झाली तर ती चाकाच्या बेअरिंगची होती. राहिली तर ती किंगपिनची किंवा बॉल जॉइंटची आहे. हा एक छोटा उपाय न केल्याने चांगले किंगपिन बदलल्याची आणि सैल बेअरिंग तसेच सोडल्याची उदाहरणे नेहमी दिसतात. ३ आणि ९ च्या जागी धरून हलवल्यास टाय रॉडच्या टोकांची ढिलाई दिसते. शेवटी चाक हाताने फिरवून दुसरा हात स्प्रिंगवर ठेवावा. खडबडीत बेअरिंगची घरघर तेथे स्पष्ट जाणवते.

लँड क्रूझर व लँड रोव्हरच्या जुन्या गाड्यांत नकल मोठ्या चकचकीत गोळ्यावर फिरते. त्या गोळ्यावर खड्डे पडले किंवा गंज चढला की बाहेरची सील फाटते. सीलमधून घट्ट ग्रीसऐवजी पातळ काळा द्रव येत असेल तर एक्सलच्या आतील सील गेलेली असून डिफरन्शियलचे तेल ग्रीसमध्ये मिसळत आहे. नकलच्या बेअरिंगना ठरावीक ताण द्यावा लागतो. टाय रॉड सोडवून, ताणकाट्याने नकल ओढून, ती वळू लागण्यास किती बळ लागते ते मोजतात आणि शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) घालून किंवा काढून गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील आकड्याशी जुळवतात. बेअरिंग न झिजताही हा ताण कमी झाला तर पुढची चाके थरथरतात, म्हणून केवळ ढिलाई नाही एवढ्यावर समाधान मानू नये.

स्वतंत्र पुढच्या सस्पेन्शनमध्ये वजन वाहणारा बॉल जॉइंट मोकळा केल्याशिवाय त्याची ढिलाई दिसतच नाही. स्प्रिंग किंवा टॉर्शन बार कोणत्या आर्मला जोडला आहे ते आधी पाहावे, कारण दोन्ही रचना आढळतात. तो खालच्या आर्मला असेल तर जॅक खालच्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या शक्य तितक्या जवळ द्यावा. वरच्या आर्मला असेल तर गाडी जमिनीवर असतानाच वरचा आर्म आणि चॅसी यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा बसवून मग चॅसीखालून उचलावे. त्यानंतर टायरखाली टॉमी घालून चाक वर उचलत जॉइंटकडे पाहावे. किती हालचाल चालते हे प्रत्येक गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेले असते. रबरी टोपी फाटलेली असेल तर आज ढिलाई नसली तरी माती आत गेली आहे असे समजावे.

शॉकअप

कोपरा दाबून किती वेळा उसळतो ते मोजण्याची चाचणी पाट्यांच्या जड गाडीत फारशी खरी नसते. पानांचे आपसांतील घर्षणच उसळी थांबवते आणि पूर्ण निकामी शॉकअपही चांगला वाटतो. त्यापेक्षा खडबडीत रस्त्यावर काही किलोमीटर गेल्यावर लगेच चारही शॉकअपच्या नळीजवळ सावधपणे हात न्यावा. काम करणारा शॉकअप गरम होतो. बाकी तीन गरम आणि एक थंड असेल तर त्या एकाने काम सोडले आहे. नळीवर तेलाचा पातळ, धूळ चिकटलेला थर असणे क्षम्य आहे, ओघळ असणे नाही. नळीला पोचा गेला असेल किंवा दांडा वाकला असेल तर गळती नसतानाही तो बदलावा.

शंका राहिली तर शॉकअप काढून, गाडीत बसतो त्याच उभ्या स्थितीत धरून, पाच-सहा वेळा पूर्ण ताणावा व दाबावा. साठवणीत आडव्या पडलेल्या साध्या शॉकअपमध्ये हवा शिरलेली असते, ती अशाने निघून जाते आणि मगच निष्कर्ष काढता येतो. ताणताना सहसा दाबण्यापेक्षा जास्त विरोध जाणवतो; दिशा बदलताना मधेच मोकळा भाग लागला तर आतली झडप झिजली आहे.

टायरची आणि चॅसीची साक्ष

टायरच्या पृष्ठावर तळहात दोन्ही दिशांनी फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले तर ‘टो’चा, म्हणजे चाकांची पुढची बाजू आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा, दोष आहे. थोड्या थोड्या अंतरावर खोलगट खड्डे असतील तर शॉकअप, बेअरिंग किंवा असमतोल पाहावा. अखंड एक्सलमध्ये कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) बदलण्याची सोय सहसा नसते, म्हणून फक्त एकच कड झिजत असेल तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट झिजला आहे किंवा एक्सलची नळी वाकली आहे.

चॅसीवरील पाट्यांचे ब्रॅकेट, शॉकअपचे मनोरे आणि आर्मच्या जागा हातोडीने हलकेच ठोकून पाहाव्यात. निकोप पोलाद खणखणते; गंजाने पोखरलेले बद्द आवाज करते. येथे दोष निघाला तर बाकी सगळे थांबवून आधी चॅसीचे काम करावे.

बदलताना आणि बदलल्यानंतर

जो दोष सर्वात जास्त हालचाल दाखवतो तो आधी दुरुस्त करून गाडी पुन्हा चालवून पाहावी. सर्व भाग एकदम बदलल्यास लक्षण कशाने गेले ते कळत नाही आणि नवा आवाज आला तर शोध पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. याला अपवाद म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप, जे एका एक्सलवर जोडीनेच बदलावेत. यू-बोल्ट एकदा ताणले गेलेले असतात, म्हणून पाटे उतरवले की नवेच घालावेत.

रबरी बुशांचे बोल्ट गाडी जमिनीवर, स्वतःच्या वजनावर उभी असतानाच अंतिम आवळावेत. बुशातील रबर फिरत नाही, पिळले जाते. चाके लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर गाडी खाली येताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि नवा बुश थोड्याच काळात फाटतो. पॉलियुरेथेनच्या बुशांना ही अट नसते, मात्र त्यांना सांगितलेले ग्रीस न लावल्यास ते किंचाळतात आणि झिजतात.

स्टिअरिंगचा कोणताही सांधा बदलल्यास टो मोजून घ्यावा. यू-बोल्ट, पॅनहार्ड रॉड आणि आर्मचे बोल्ट साधारण ५०० किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने पुन्हा तपासावेत, आणि त्याच वेळी चारही कोपऱ्यांची उंची पुन्हा मोजून पहिल्या नोंदीशेजारी लिहावी. नवे पाटे किंवा कॉइल थोडे बसतात, त्यामुळे पुढच्या वर्षी तुलना करायची ती या दुसऱ्या मापाशी.